मिस अर्लीन आणि मतदारांची यादी

मिस अर्लीन कुणालाही पहिल्यांदा भेटल्या की नाव-गाव विचारण्याआधी विचारायच्या, "मतदार यादीत नाव घातलंस का?" पोस्टमनला, माळ्याला, एकदा तर रक्तदाब मोजणाऱ्या नर्सला. आम्ही अमेरिकेत कॅरी गावात घर घेतलं तेव्हा शेजारच्या घरातून त्या पीच कॉब्लर, म्हणजे पीच घालून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आल्या, आणि डिश हातात देता देता मलाही त्यांनी तेच विचारलं.

"अजून सिटिझन नाही झाले," मी म्हटलं.

"मग होशील त्या दिवशी सांग, बेबी."

तेव्हाच त्यांनी ऐंशी ओलांडली होती. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, ताठ, कृष्णवर्णीय बाई. इथे दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईला नावाआधी 'मिस' लावतात, म्हणून मीही लावू लागले. मी नागरिकत्वाची शपथ घेऊन आले त्याच संध्याकाळी त्यांनी माझा फॉर्म भरून घेतला.

एकदा त्यांच्या ओसरीवर शेंगा सोलत बसलो असताना त्यांनी सांगितलं, की अठराव्या वर्षी त्या मैत्रिणींबरोबर फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या हॉटेलच्या काउंटरपाशी स्टुलांवर मुद्दाम जाऊन बसल्या होत्या. कुणीतरी डोक्यावर केचप ओतलं. पोलिसांनी उचलून नेलं.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण आदल्या दिवशी आमच्या चर्चमध्ये एक पुढारी आले होते, देशभर नाव असलेले. चाळीस मिनिटं बोलले. तोवर मला वाटायचं, हे सगळं आमच्या गावापुरतंच आहे. ते बोलले आणि कळलं, गावोगावी माझ्यासारख्या मुली आहेत." मग हसून म्हणाल्या, "ते रात्री पुढच्या गावी गेले. सकाळी स्टुलावर बसायला मात्र आम्हालाच जायचं होतं."

माझ्या पहिल्या मतदानाला यादीत माझं नावच सापडेना. मागे रांग वाढत होती. मी ओशाळून बाहेर आले. पार्किंगमध्ये घडीच्या खुर्चीवर मिस अर्लीन बसल्या होत्या, कुणाला मदत लागली तर करायला.

"कुठे निघालीस?"

"नाव नाही म्हणतात. जाऊ दे, पुढच्या वेळी बघू."

"त्यांना सापडत नाही, एवढंच. परत आत जा. जन्मतारखेवरून शोधायला सांग. तरी नाही मिळालं तर तात्पुरती मतपत्रिका माग, नाव मागाहून तपासतात. ती त्यांना द्यावीच लागते."

मी परत आत गेले. आडनावाच्या जागी माझ्या वडिलांचं नाव पडलं होतं. सापडलं. मत दिलं.

त्यानंतर आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नावनोंदणीचं टेबल मांडायचं मीच ठरवलं. मिस अर्लीन शेजारी बसल्या. निवृत्त इंजिनियर दिघेकाका मोदक खात आले. पन्नास वर्षं इथे, कधीचे नागरिक, पण कधी मत दिलेलं नाही.

"अगं, आपण आपली नोकरी केली, घर घेतलं. ह्यांच्या भानगडीत कशाला पडायचं?"

काका काय म्हणाले, असं मिस अर्लीननी विचारलं. मी चाचरतच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत.

"तुम्ही यायच्या थोडी वर्षं आधीपर्यंत तुमच्या देशातून वर्षाला मूठभर माणसांनाच येऊ द्यायचे," त्या काकांना म्हणाल्या. "तो कायदा बदलला, तो आमची माणसं रस्त्यावर उतरली त्याच काळात. मी स्टुलावर बसले तेव्हा तुम्हाला ओळखत नव्हते, सर. पण बसले होते ती तुमच्यासाठीही."

काकांनी हातातला मोदक संपवला. मग खिशातून चष्मा काढला आणि म्हणाले, "पेन दे."

गेल्या वसंतात मिस अर्लीन झोपेतच गेल्या. चर्च गच्च भरलं होतं. गाणी झाली, भाषणं झाली. शेवटी पाद्री म्हणाले, "मिस अर्लीननी ज्यांची नावं यादीत घातली, त्यांनी उभं राहावं."

आधी पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठली. मग तिच्या मागची रांग. मग सगळीकडूनच बाकं करकरू लागली. मीही उठले. दिघेकाकांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला, पुढच्या बाकाला धरलं आणि आपले आपण उभे राहिले.