पिलांपाशी

कल्याणच्या तळ्यावर एक कोळी रोज भेटे. उन्हाळ्यात आटल्या पाण्यात, चिखलात हात घालून मासे काढी. थंडीत गळ टाकून गप्प बसे. शाळा सोडून परगावी आगगाडीच्या गोदामात कामाला लागलेल्या मला त्यातला एक मासा ठरलेला असे.

श्रावणात कित्येक दिवस काही गावलं नव्हतं. एका सकाळी पाण्यावर माशाच्या लाल पिलांचा पुंजका दिसला, त्याखाली मोठी मरळ. मी भुकेने कासावीस झालेलो.

"काका, टाका ना गळ! हलतसुद्धा नाही ती."

"पिलांपाशी हाय, म्हनून नाय हलत," म्हणत त्याने दोरी गुंडाळली. "चल घरा. पेज पिऊ."

दारात त्याच्या बायकोने विचारलं, "आज पन रिकामं?"

"मासाच दिसला नाय," तो म्हणाला. "इचार याला."

मी मान डोलावली आणि वाटी पुढे केली.