अर्ध्या तासावरचं पुणं

पनवेलहून पुण्याला विमानाने जायचं ठरवणारी बहुधा मीच पहिली शहाणी. आमच्या दारावरून पुण्याची एस.टी. जाते, हात केला की थांबते. पण भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती, मी एकुलती एक आत्या, आणि मला बारशाला विमानातून उतरायचं होतं. "बारसा दुपारी हाय, ताई. येळ लावू नको," भाऊ बजावून गेला होता. मी आळीभर सांगत सुटले होते : सांताक्रूझ ते पुणे पाऊणशे मैल, फक्त अर्धा तास.

नाव मीच ठेवायचं होतं. आत्या बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते बाहेर फुटू द्यायचं नाही, असं आमच्याकडे पाळतात. मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

सांताक्रूझचा विमानतळ पडला उलट्या दिशेला, खाडीपलीकडे. म्हणून आदल्या दिवशी उलव्याला माहेरी गेले; तिथून मुंबईला होडी सुटते. आईला प्रवास झेपत नाही, ती बारशाला येणार नव्हती; तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकट खाल्ली. सकाळी नवं लुगडं नेसून धक्क्यावर येते, तर मुंबईचा मचवा चिखलात बसलेला. ओहोटी.

"पानी आल्याबिगर कसा जानार?" तांडेल म्हणाला. "मिठागरवाल्याची पोर ना गो तू? तिथ बगितली नाय?"

आमच्या मिठागरात भरती बघूनच पाणी घेतात. तिथीवरून भरती सांगायला मी लहानपणीच शिकले. पण आठवडाभर डोक्यात फक्त विमानाची वेळ होती. लाजेने मान वर करवेना. पाणी चढेपर्यंत तिथेच बसून राहिले.

सकाळचं विमान गेलं. दुपारच्यात जागा मिळाली. विमान छान असतं, तेही सांगते. चघळायला गोळी देतात, कानात घालायला कापूस देतात. खाडी संपली तशी खाली मिठागरं चमकली आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हे पनवेल बरं का." काल जिथून निघाले, तिथेच मी आज येऊन पोचले होते. खिडकीकडे पाठ केली ती पुणं येईपर्यंत.

लोहगावहून टांगा करून खडकीला भावाच्या घरी गेले, तेव्हा दिवे लागत होते. घुगऱ्या वाटून झाल्या होत्या.

"बाळ रडून रडून थकलं हो," वहिनी हळूच म्हणाली. "शेवटी शेजारच्या काकींनी कानात नाव सांगितलं. तुमी ठरवलेलं कुनाला ठावं नव्हतं, म्हनून सुचलं ते ठेवलं. मंगल."

"लय वाट बगितली, ताई," भाऊ म्हणाला. मग मला बरं वाटावं म्हणून विचारलं, "इमानाला किती येळ लागला?"

"अर्धा तास."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

परतताना मुकाट्याने एस.टी. धरली. खोपोलीला गाडी चहाला थांबली, तरी उतरले नाही. गाडीने थेट दारात सोडलं. आळीतल्या बायका वाटच बघत होत्या. "किती वेळ लागतो गं विमानाने?"

"दोन दिवस," म्हटलं आणि आत गेले.

तुम्ही पनवेलचे असाल तर एस.टी.नेच जा. विमानात बसायची हौसच असेल, तर बारशाला जाताना नको.

मंगल आता शाळेत जाते, सुट्टीत माझ्याकडे राहायला येते. अंगणात खेळत असली की जेवायला हाक मारायला मी दारात येते, आणि तोंडात आधी दुसरंच नाव येतं. ते गिळून मग "मंगल" अशी हाक मारते.