पप्पांचा हुद्दा

जुनी होडी नीट करायला चार माणसं जमली की काम कमी आणि चहा जास्त होतो, म्हणून आमच्या शेडमध्ये किस्से साठत जातात. बाकीच्यांचे सांगून झालेत. हे माझे. हसायचं तर हसा, मला अजून लाज वाटते.

होडी शंभरेक वर्षांची, शिडाची, एकेकाळी समुद्रातून कालवं काढून आणणारी. मी इथे परदेशात, वेरिबी नावाच्या उपनगरातला आयटीवाला, शनिवारी व्हॉलंटियर. पहिल्याच दिवशी आमच्या म्होरक्याने, केविन नावाच्या रिटायर्ड सुताराने, विचारलं की वडील काय करतात. पप्पा चाळीस वर्षं वसईत मच्छीमारांच्या होड्या दुरुस्त करतायत. माझ्या तोंडून निघालं, "मरीन इंजिनियर." सुतारासमोर सुतारकाम करणाऱ्या बापाची लाज वाटली, आता बोला!

*

एका आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, केविनने कालवं आणली. लहानपणी मी ती खडकावरच दगडाने फोडून खायचो. इथे मी विचारलं, "कच्चीच?" बिचाऱ्याने अर्धा तास घालवून मला कालव उघडायला शिकवलं. वर पाठ थोपटून म्हणाला, फास्ट लर्नर आहेस.

*

लॉकडाऊन लागला, शेड बंद. केविन झूमवर दोरीची एक गाठ शिकवत होता. त्याचं सांगून व्हायच्या आत माझी बांधून झाली, हात ऐकेनात. कुठे शिकलास? म्हटलं, यूट्यूबवर. तो अजून लिंक मागतो.

*

शेड उघडली तोवर होडी सुकून फळ्या आकसल्या होत्या. पाण्यात उतरवली तर तासाभरात गुडघाभर पाणी आत. क्रेनने परत वर काढली. केविन फटींत कापूस ठोकायला निघाला. काहीतरी चुकतंय एवढं मला कळत होतं, काय ते कळेना. शेवटी पप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि केविनला सांगितलं, आमच्याकडचे जुने कारागीर आहेत.

पप्पांनी फळ्या बघितल्या. "ठोकू नका. लाकूड पाणी पिऊन फुगलं की कापूस फळ्या फोडेल. क्रेनला लटकवूनच चार दिवस पाण्यात भिजू दे."

मी ट्रान्सलेट केलं. चौथ्या दिवशी होडीत थेंब नव्हता. केविनचे डोळे भरून आले. त्याला स्वतः थँक्यू म्हणायचं होतं, म्हणून पुन्हा कॉल लावला. पप्पांना इंग्रजी कळत नाही, असं मी धरून चाललो होतो.

थँक्यू झालं आणि केविनने सहज विचारलं, "याचे वडील कसे आहेत? ते इंजिनियर?"

पप्पांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"गुड, सर," ते म्हणाले. "व्हेरी बिग मॅन. आय वर्क अंडर हिम."