नर कोणता, मादी कोणती

आमच्या नालासोपाऱ्याच्या इमारतीत समोरच्या घरात राहणारे काका मूळचे भुईगावचे. "कसं हाय बघ" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही, आणि पाण्याला ते अजून पानीच म्हणतात. त्यांच्या हॉलमध्ये काचेची टाकी आहे, तिच्यात पट्ट्यापट्ट्यांच्या सिक्लिड माशांची जोडी.

काकूंना अलीकडे काही लक्षात राहत नाही. रोज संध्याकाळी त्या टाकीसमोर बसून विचारतात, "यातला नर कोनता?"

काका रोज नव्यानं सांगतात. "कसं हाय बघ, अंगानं मोठा, लांब परांचा, तो नर. पोटावर नारिंगी डाग, ती मादी." त्यांच्या आवाजात मी कधी कंटाळा ऐकला नाही.

परवा मी त्यांची वाटी परत द्यायला गेले, तेव्हा काकूंनी स्वतःहून काचेवर बोट ठेवलं. "ही मादी. पोट नारिंगी हाय."

काकांचा चेहरा उजळला. तेवढ्यात काकू त्यांच्याकडे वळल्या. "आनि तुम्ही कोन?"

काका परक्या घरी बसावं तसे अवघडून म्हणाले, "मी मासे दाखवायला येतो."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "उद्या पन या हां."