आईच्या फोटोची सुलट बाजू

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटी रुसून बसली होती. शाळेच्या ओळखपत्रावरचा चेहरा तिचा नाहीच, असे तिचे म्हणणे. आरशात ती बरी दिसते, आणि फोटोत नाक वाकडे, एक डोळा बारीक. थोरला म्हणाला, "आजी, ती अशीच दिसते, मी रोज बघतो." मग तुमची जुंपली आणि कॉल बंद झाला. माझे उत्तर सांगायचे राहिले. ते आता लिहून पाठवते, कारण नेमक्या याच गोष्टीवरून सांगलीचे मामाआजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि मी, दोघेही पांढऱ्या केसांचे, तुमच्याइतकेच भांडलो होतो. माझे सारे शिक्षण इंग्रजीत झाले, पाचगणीच्या शाळेत मी विज्ञानही इंग्रजीतच शिकवले. हे मात्र मराठीत लिहिते आहे, कारण यातली माणसे मराठीत भांडली. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या.

काही वर्षांपूर्वी कृष्णेचे पाणी मामाआजोबांच्या घरात शिरले, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा ते आणि मामीआजी आमच्याकडे साताऱ्याला राहायला आले होते. पाणी उतरल्यावर परत गेले, तर बाहेरच्या खोलीत आमच्या आईचा, म्हणजे तुमच्या पणजीचा, फोटो भिंतीवर तसाच होता. काच शाबूत आणि आत राखाडी लगदा. आईचा दुसरा फोटो सांगलीत नव्हता. धान्य टाकून दिले, गाद्या टाकून दिल्या, त्याबद्दल भाऊ एक शब्द बोलला नाही. घर दुरुस्त झाले, रंग लागला, तरी त्या जागी तो काही टांगू देईना. मामीआजीने एकदा कॅलेंडर लावले, ते त्याने संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात हलवले. फोनवर मला म्हणाला, "आक्का, घरात पाय टाकला की आधी तिकडंच बघतो मी. नुसती भिंत दिसते."

माझ्या कपाटात आईची एक निगेटिव्ह होती. माझ्या घरात आत काय आहे ते वर लिहिलेले नाही असे एकही पाकीट नसते, आणि या सवयीवरून भाऊ मला जन्मभर चिडवत आला आहे. त्या दिवशी चिडवले नाही. पाकिटावर मी लिहिले होते: आई, परसदार. तुमच्या आजोबांच्या एका चुलतभावाने नवा कॅमेरा घेतला होता, त्याने काढलेला तो फोटो. आई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभी आहे आणि कॅमेऱ्याच्या मागे कोणीतरी काही बोलल्यामुळे हसते आहे. तेव्हा एक लहानशी प्रत निघाली होती, ती कुठे गेली कोणास ठाऊक.

पोवई नाक्याजवळच्या एका स्टुडिओत मी निगेटिव्ह दिली. त्यांनी ती संगणकात घेतली, डाग पुसले, मोठी करून फ्रेम केली. ती घेऊन मी तिथल्याच खुर्चीवर बसले आणि बघत राहिले. हुबेहूब आई. आता म्हणेल, "उठ, किती वेळ बसलीस," असे वाटावे इतकी हुबेहूब.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. वरच्या फळीवर फ्रेम ठेवायचा धीर झाला नाही, ती मांडीवरच घेतली. कऱ्हाडला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. आष्ट्यापर्यंत तिने कसाबसा दम धरला.

"काय म्हनायचं ह्यात?"

"आईचा फोटो आहे."

"व्हय? बगू की."

मी कागद थोडा सोडला. म्हातारीने फोटो बघितला, मला बघितले, पुन्हा फोटो बघितला. "आई लय देखणी हुती की तुमची," म्हणाली आणि माझ्याबद्दल काहीच म्हणाली नाही.

सांगलीत भाऊ दारातच उभा होता. पाणीसुद्धा न विचारता त्याने कागद फाडला. बघत राहिला. मला वाटले, भरून आले असेल.

"आक्का," तो म्हणाला, "ही कोण?"

"कोण म्हणजे? आई."

तो फ्रेम घेऊन उजेडात गेला, लांब धरली, जवळ धरली. "सगळं आईचंच आहे. पण आई नाही ही."

"अरे, चष्मा लाव."

"लावलाय. नाकावर दिसत नाही का तुला?"

मामीआजी पदराला हात पुसत आली. "वन्सं, मलापण जरा परकं वाटतंय बघा. मावशींचा तर नव्हं फोटो?"

"मावशी कधी हसलेली आठवते का तुला?" मी म्हटले. मावशी खरोखरच हसत नसे.

मग आमची जुंपली. स्टुडिओवाल्याने संगणकात आईचा चेहरा बदलला, असे भावाचे म्हणणे. डाग पुसण्यापलीकडे त्याने काही केलेले नाही, असे माझे. शेवटी तो म्हणाला, "तू लग्न करून साताऱ्याला गेलीस. आई शेवटपर्यंत माझ्याकडं होती. रोज समोरासमोर बसून जेवलोय आम्ही. मला आई कळत नाही होय?"

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी तिला ओळखते."

"मग ओळखायला चुकलीस."

त्याने फ्रेम पुन्हा कागदात गुंडाळली आणि कॉटच्या पायाशी उभी करून ठेवली, चेहरा भिंतीकडे. हे मला लागले. त्यालाही लागलेच असणार. इतक्या दिवसांनी आई घरी येणार म्हणून तो सकाळपासून खिळा आणि हातोडी काढून बसला होता, आणि आली ती भलतीच कोणी.

"चहा घ्या आधी दोघंबी," मामीआजी म्हणाली. "भांडायला अंगात जोर लागतो."

चहा देऊन तिनेच फ्रेम पुन्हा सोडली. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत त्यांना न्हाऊमाखू घालायचे काम तिचे होते. बघता बघता तिने आपल्याच नाकाला हात लावला.

"आवं, चमकी," ती म्हणाली. "सासूबाईंची उजवीकडं होती की. ही डावीकडं हाय."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवे. आपल्याकडे बायका चमकी किंवा नथ डाव्या नाकपुडीत घालतात. आईचे माहेर सीमेपलीकडचे, कानडी मुलुखातले. तिच्या घरी मुलींची उजवी नाकपुडी टोचत. लग्न होऊन ती सांगलीला आली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिला डावी टोचून घे म्हणून पुष्कळ सांगितले. ती म्हणे, "एका नाकाला किती भोकं पाडू?" त्यानंतर गल्लीत तिची ओळखच 'उजव्या चमकीची' अशी झाली.

मी स्टुडिओत फोन लावला.

"हो काकू," तो मनुष्य मोठ्या उत्साहाने म्हणाला, "तेवढं मीच दुरुस्त केलं. निगेटिव्ह घेतली तर चमकी उजवीकडं आली. म्हटलं, आपल्याकडनं उलटी लागली. म्हणून फिरवून घेतली."

"पदर बघायचा होता ना."

"पदर दोन्ही खांद्यांवर आहे, काकू. भांग मधोमध. मग चमकीशिवाय बघणार काय?"

त्याचे काही चुकले असे मला म्हणता येईना. त्याच्या जागी मीसुद्धा तसाच विचार केला असता. त्याने लगेच सरळ फोटो भावाच्या मोबाइलवर पाठवला. भावाने बघितला. त्याने मोबाइल मामीआजीला दिला, तिने मान हलवली. मग तो नाक ओढत परसात जाऊन आला.

"ही आई," परत येऊन म्हणाला. "आता बघ तू."

मी बघितले. आणि खरे सांगते, मला ती आई वाटेना. हसू भलत्याच बाजूला ओढलेले, नाक जरासे कललेले, चेहरा कुणा जवळच्या नातेवाइकाचा असावा तसा. आता भिंतीकडे तोंड करून बसायची पाळी माझी होती. जिच्या पोटी जन्म घेतला तिचा चेहरा मी विसरले की काय, या विचाराने मी जेवतानाही मोबाइल खाली ठेवला नाही.

जेवणानंतर हात धुवायला गेले. बेसिनवर नवा आरसा होता आणि भावाचा मोबाइल माझ्या हातातच होता. सहज म्हणून तो आरशासमोर धरला. आरशात आई होती.

तिथे उभ्या उभ्या मला उमगले. मला दोन जाड वेण्या होत्या. रोज सकाळी शाळेआधी मी कपाटाच्या आरशासमोर पाटावर बसत असे आणि आई मागे उभी राहून वेण्या घालत असे. आमच्या दिवसभराच्या गप्पा तेव्हाच होत, आणि त्या आरशातून होत. ती रागावायची तीही आरशातून, हसायची तीही. एरवी ती चुलीशी, नाहीतर दळणात, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या मागे. निवांत तिच्या तोंडाकडे बघावे अशी वेळ तेवढीच. भावाला वेण्या नव्हत्या. त्याच्या डोक्यावर तेलाचा हात फिरवून आई त्याला सोडून देई. त्याने आई पाहिली ती जेवताना, समोरून.

मी हे बाहेर येऊन सांगितले. भाऊ ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आईकडं पाठ करून तू आई बघितलीस, आणि वर मला चष्मा लाव म्हणतीस."

"उगाच बोलू नका," मामीआजी म्हणाली. "वन्संच्या वेण्या बघायला गल्ली जमायची, असं सासूबाई सांगायच्या."

तर धाकटे, आता तुझे उत्तर. कोणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. भुवई एकीकडे वर, हसू एकीकडे जास्त, भांग एका बाजूला. आरशात उजवा गाल तुझ्या उजव्या हातालाच दिसतो. समोरून बघणाऱ्याला तोच गाल त्याच्या डाव्या हाताला दिसतो. तू स्वतःला जन्मापासून आरशातच पाहिलेस, म्हणून तोच चेहरा तुला ओळखीचा. फोटो तुला समोरच्याच्या जागी उभे करतो, आणि तिथून तू स्वतःला कधी पाहिलेले नाहीस. डोळ्यांना सवय नसते इतकेच; त्यात कुरूप काही नाही. थोरला रोज समोरून बघतो, म्हणून त्याला ओळखपत्र बरोबर वाटते. तो खरे बोलला, मात्र 'अशीच दिसते' हे त्याने ज्या सुरात म्हटले त्याबद्दल त्याने तुझी माफी मागावी.

सांगलीच्या भिंतीवर कुठला फोटो लावायचा, यावर मग भांडण झाले नाही. घर त्याचे, आणि आई लोकांना दिसत होती तशीच भिंतीवर असायला हवी, हे मलाही पटले. सरळ प्रत तिथल्याच एका दुकानातून काढून आणली आणि त्याच फ्रेममध्ये घातली. खिळा भावाने ठोकला, वाकडा ठोकला, आणि मामीआजीने तो उपटून पुन्हा ठोकला. उलटी प्रत मी गुंडाळी करून परत आणली. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, वर काय आहे ते लिहून.

आईचा आवाज कोणी टेप करून ठेवला नाही. तिच्या साड्या वाटल्या गेल्या, चमकी कोणाकडे गेली ते आता कोणालाच आठवत नाही. तिचे कानडी आमच्यापैकी कोणी शिकले नाही. तिचा हसरा चेहरा तेवढा आहे. तो सांगलीच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत पाऊल टाकले की समोर दिसतो.