बैठकीतली पहिली खुर्ची

आमच्या संघटनेच्या बैठकीत खुर्ची नसते. सगळे सतरंजीवर, कुणी कुणापेक्षा उंच नाही. हा नियम आईनंच घातलेला आणि मी तो पत्रकांत छापून गावभर वाटलेला. खुब्याचा सांधा बदलल्यावर आई आज पहिल्यांदाच बैठकीला आली. मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही, नवा सांधा निखळेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी ती भिंतीला हात टेकून वाकायला लागली आणि मी ओरडले,

"आई, नको!"

तिच्या जुन्या मैत्रिणीनं, कमळामावशीनं, आतून प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली. "बस गुमान. खुर्ची मिळाली की माणूस बदलतो म्हणायचीस ना? बघू दे आम्हाला."

सगळे हसले. आई बसली, पण खुर्चीच्या अगदी कडेला, कधीही खाली उतरेल अशी.

सगळी माणसं सारखी, हे मी आजही भांडून सांगेन. सारख्या माणसांची हाडं मात्र सारखी नसतात, हे माझ्या एकाही पत्रकात आलं नव्हतं.

ठराव वाचला गेला. सगळ्यांबरोबर मीही हात वर केला. कशासाठी, ते मी ऐकलंच नव्हतं. मी आईच्या पायाकडे बघत होते.