एका दाताचा फरक

झाकण लावलेली कुठलीही वस्तू हा आपल्याविरुद्ध रचलेला कट आहे, अशी माझ्या मामासासऱ्यांची ठाम समजूत आहे. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. घराणं भिक्षुकांचं, स्वतः जन्मभर फुलंब्रीच्या एका सरकारी कचेरीत कारकून, पण खिशात पेन एक आणि पेचकस दोन. मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, पाहुण्यांचं कानातलं यंत्र, काहीही नीट चालू असलं की त्यांना चैन पडत नाही. बंद पडलेल्या वस्तूंत मात्र त्यांना तिळमात्र रस नाही. "बंद पडली त्यात काय बघायचं? चालती कशी, ते बघायचं!" आमच्या लग्नात अंतरपाट धरला गेला तेव्हा ध्वनिक्षेपकाचा डबा यांच्या मांडीवर उघडा पडला होता, आमची मंगलाष्टकं पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणालाही ऐकू गेली नाहीत. मामी म्हणतात, "ताप आला की मी यांना नाडी बघू देत नाय. उघडून बघतो म्हणाले तर?"

या साऱ्या वस्तूंची पट्टराणी म्हणजे त्यांची शंभर सीसीची मोटरसायकल. चिकलठाण्याच्या घरातून फुलंब्रीला नोकरीभर तिनंच त्यांना नेलं-आणलं, आणि त्या उपकाराची फेड म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मामांनी तिचं इंजिन उघडलं. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो, हे मला दरवेळी नव्यानं शोधावं लागतं. तरी मामा इंजिन उघडून बसले की मी आपोआप शेजारी पाट ओढतो. कारण ते नुसतं इंजिन जोडत नाहीत, त्याचं लग्न लावतात. "बघा जावईबापू, खाली पिस्टननं फिरणारा दांडा, वर हा कॅमशाफ्ट. दोघांची गाठ या चेननं बांधलेली. खालच्यानं दोन फेरे घेतले की वरच्याचा एक. हा वरचा दोन दारं उघडतो. एक श्वास घ्यायचं, एक सोडायचं. दार भलत्या वेळी उघडलं की संसार खोकायला लागतो." जगातले मिस्त्री ज्याला टायमिंग म्हणतात, त्याला मामा मुहूर्त म्हणतात. खालच्या चाकावरची T ही खूण खाचेसमोर आणायची, वरच्या दातेरी चाकावरचा ठिपका त्याच्या खाचेसमोर आणायचा, आणि मग श्वास रोखून चेन चढवायची. एक दात इकडं-तिकडं झाला, तर मुहूर्त टळला.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नाही. पहिल्यांदा इंजिन उघडलं तेव्हा त्यांना खालच्या चाकावर दोन अक्षरं दिसली, T आणि F. कारकुनाचं डोकं, त्यांनी T म्हणजे ट्रायल आणि F म्हणजे फायनल असा अर्थ लावला, आणि कच्च्या मसुद्यावर सही करायची नाही या बाण्यानं सगळं F वर बसवलं. गाडी अशी काही फटफटली की समोरच्या घरातल्या कोंबड्या दोन दिवस खुराड्याबाहेर आल्या नाहीत. शेवटी गाडी ढकलत गुलमंडीमागच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. ते पोट धरून हसले. "साब, एफ मतलब फायर! ठिणगी पडती उधर. तुम क्या दफ्तर समझे क्या इसकू?" तेव्हापासून मामांनी टायमिंग कधी चुकवलं नाही. ही गोष्ट ते स्वतःच सांगतात, आणि प्रत्येक वेळी एक कोंबडी वाढवतात.

यंदा त्यांच्या मुलानं मामा-मामींना पुण्याला कायमचं बोलावलं. मामींचे गुडघे, इथं कुणी जवळ नाही. त्याचंही खरंच होतं. सामानाची यादी करताना तो म्हणाला, "गाडी चालू असली तर ट्रकात टाका. बंद असली तर तिथंच सोडून द्या, बाबा." मामा "बरं" म्हणाले, आणि ट्रक यायला आठवडा असताना त्यांनी चांगली चालती गाडी उघडली. मी रोज कॉलेजातून तिकडे जायचो. या वेळी लग्न-मुहूर्ताची भाषा एकदाही निघाली नाही. वाटलं, वय झालं, हात पूर्वीसारखा चालत नाही. ट्रक आला त्या सकाळी त्यांनी किक मारली. गाडी एकदा खोकली आणि थांबली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मुलगा घड्याळ बघत होता. मामांनी हात पुसले. "नाय जमत. राहू द्या जावईबापूंकडं. मी येऊन बघतो फुरसतीनं."

ते गेल्यावर त्यांचं घर इतकं ओकंबोकं वाटलं की मी गाडी ढकलत माझ्या अंगणात आणून लावली. पंधरा दिवस तिच्याकडे नुसता बघत होतो. मग एका रविवारी राहवेना. शिकवल्याप्रमाणे दोन्ही झाकणं काढली. T बरोबर खाचेसमोर आणला. वरचा ठिपका मात्र खाचेच्या बाजूला होता, नेमका एक दात. चेन ताठ होती, घसरायला जागाच नव्हती.

मी फोन लावला. "मामा, गाडी उघडली."

पलीकडे लिफ्टचा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, "दिसलं का?"

"दिसलं."

"मग लावा झाकण." आणि हळूच म्हणाले, "इथं नवव्या मजल्यावर मी एकटा परका बास आहे. तिला कशाला आणू? मी येतो ना."

मी झाकणं लावली. चेन एक दात सरकवायचं काम आता मला येतं, फार तर तासाभराचं आहे. पण मी ते करत नाही. या गावात यायला त्यांच्याकडे आता तेवढं एकच काम उरलं आहे.